दिवा जेवला का?

करंजपाडा, ता. सुरगाणा
३ नोव्हेंबर २००३

ती. साधनाआत्यास,
सप्रेम जयभीम.

भात झोडून झालं आणि पाड्यावरची माणसं दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांच्या कामाला निघाली. दरवर्षी पोरी आईबापांबरोबर जातात आणि शिमग्याला परत येतात, तोवर अक्षरं विसरलेल्या असतात. या वर्षी अकरा मुली मागे ठेवून घेतल्या आहेत. शाळेच्या खोलीत त्या आणि मी झोपतो, झुंबरबाई स्वयंपाक करते.

आईबाप तयार झाले ते एका अटीवर. गेल्या पावसाळ्यात झिपरूची थोरली लेक याच खोलीत जमिनीवर झोपली होती. अंधारात मण्यार आली. पोर सकाळी उठलीच नाही. आता झिपरूची धाकटी, मैना, सातवीत आहे. तो म्हणाला, "रातभर उजेड असंल तर पोर ठेवतो. नसंल तर नेतो." झिपरू जे करतो ते बाकीचे करतात.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने इथे सौरदिवे बसवले होते. अंगणात लोखंडी चौकटीवर दोन काळ्या पाट्या आहेत, आत एक बॅटरी, दोन नळीचे दिवे आणि भिंतीवर एक पेटी. पेटीवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन बारीक दिवे आणि एकेक काटा असलेल्या, घड्याळासारख्या दोन तबकड्या आहेत. बसवणारे पुन्हा आले नाहीत, आणि रात्री ते दिवे कोणी लावत नसे. माहितीची पुस्तिकाही त्यांनीच नेली. तुम्ही उभा जन्म टेलिफोनच्या बॅटरी-रूममध्ये काढलात, म्हणून तुम्हाला विचारते. हे सगळं वाचायचं कसं?

तुमची तब्येत कळवा.

तुमची,
सुवर्णा


नाशिकरोड
९ नोव्हेंबर २००३

चि. सुवर्णा,
जयभीम.

तब्येत ठीक आहे. आधी पेटी.

पाट्या उन्हात वीज तयार करतात, बॅटरी ती साठवते आणि पेटी दोघांमध्ये उभी राहून राखण करते. हिरवा दिवा म्हणजे उन्हाची वीज बॅटरीत जाते आहे. पिवळा म्हणजे बॅटरी भरली. लाल म्हणजे बॅटरी संपत आली. लाल लागला की पेटी खोलीतला दिवा आपणहून तोडते. ती तिची खोड नाही, शहाणपण आहे. शिसं-आम्लाची बॅटरी तळापर्यंत उपसली की पुन्हा उभी राहत नाही.

एका काट्यावर व्होल्ट, दुसऱ्यावर अँपिअर. व्होल्टचा काटा रोज सकाळी ऊन पडायच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी बघायचा. बाराच्या वर असला तर ठीक. साडेअकराच्या खाली गेला तर काळजी. पेटीखाली तारांच्या तीन जोड्या आहेत: पाटीची, बॅटरीची, दिव्याची. शेजारी चित्रं काढलेली असतील. त्यांना हात लावायचा नाही.

रात्री दोन नळ्या लावू नकोस. एकच लाव, ती रात्रभर पुरेल. बॅटरीची झाकणं उघडून पातळी बघ. कमी असेल तर फक्त शुद्ध केलेलं पाणी घाल, ते गॅरेजमध्ये बाटलीत मिळतं. हापशाचं नको. पाट्या आठवड्याला पुसायच्या.

दर आठवड्याला कार्डावर आकडे पाठव. एवढ्या साध्या गोष्टी आहेत. लाल दिवा लागला असं मला तुझ्या कार्डावर दिसायला नको. दिसलं तर चूक बॅटरीची नसेल.

साधना


करंजपाडा
२३ नोव्हेंबर २००३

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

आकडे सोबतच्या कार्डावर आहेत. सगळे बाराच्या वर.

मुलींना तुमचं पत्र समजावून सांगितलं. त्यांनी तुमचे शब्द टाकले आणि स्वतःचे घेतले. हिरवा म्हणजे "जेवतोय". पिवळा म्हणजे "पोट भरलं". लाल म्हणजे "उपाशी". शाळा सुटली की सगळ्या पेटीपुढे जाऊन उभ्या राहतात आणि एकमेकींना विचारतात, "दिवा जेवला का?" मैनाने सकाळचा काटा बघायचं काम घेतलं आहे. ती काट्याला "आजोबा" म्हणते, कारण तो थरथरतो.

झुंबरबाईला हे काही पटत नाही. म्हणते, "उन्ह खाऊन कुनाचं पोट भरतंय का बाई? मंग आमी कशाला कामाला जातो?"

परवा बाजाराच्या दिवशी झिपरू मळ्यावरून आला. मुलीशी बोलला नाही, आधी दिव्याखाली बसला.

"बाई, ह्यो रातभर जळंल ना?"

"जळेल."

"रातभर म्हंजी कोंबडा आरडंपर्यंत?"

"हो, कोंबडा आरवेपर्यंत."

"मधी इझला तर?"

मैनाच मध्ये बोलली, "नाय इझत बा. त्याचं पोट भरल्यालं असतंय."

त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणाला, "मला आता एकच हाय, बाई." उठला आणि रात्री अंगणातच घोंगडी टाकून झोपला. उजाडल्यावर दिवा जळतोय हे बघून मग गेला.

तुमच्यामुळे हे होतंय, आत्या.

सुवर्णा


नाशिकरोड
८ डिसेंबर २००३

चि. सुवर्णा,
जयभीम.

माझ्यामुळे काही होत नाही, उन्हामुळे होतं. आणि ऊनच नाही. नाशकात पाचवा दिवस आभाळ गच्च आहे, अधूनमधून भुरभुर. द्राक्षवाले रडकुंडीला आलेत. तुमच्याकडे डोंगरात याहून कमी नसणार.

या आठवड्याचं कार्ड आलं. त्यावर संध्याकाळचे आकडे आहेत, सकाळचे नाहीत. पिवळ्या दिव्याचा उल्लेख नाही, लालचाही नाही. सकाळचा काटा मैना बघते ना? मग तिने बघितला नाही की तू लिहिला नाहीस?

लाल लागला असेल तर तसं लिही. एक-दोन रात्री कंदील लावा. मुलींना बाकांवर झोपव, बाकं जोडून. आईबापांना सरळ सांग की आभाळ आलं तर दिव्याला सुट्टी द्यावी लागते. शेतात राबणाऱ्या माणसांना आभाळ कळतं.

झुंबरबाईचा प्रश्न चांगला आहे. उत्तर माझ्याजवळ नाही.

साधना


करंजपाडा
१९ डिसेंबर २००३

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

आभाळ गेलं! आता सकाळपासून लख्ख ऊन आहे. कार्ड अर्धवट राहिलं त्याबद्दल रागावू नका, मला ताप होता.

लाल दिव्याचं म्हणाल तर आता आमची नळी रात्री कधीच तुटत नाही. आणि मोठी बातमी पुढेच आहे. पूर्वी पिवळा दिवा लागायला दुपारचे तीन वाजायचे. आता दहालाच लागतो! मुली प्रार्थना करून वर्गात बसतात न बसतात तोच मैना ओरडते, "पोट भरलं!" बॅटरी आता सवयीने लवकर भरायला लागली असेल, नाही का?

सकाळी मात्र आजोबा जरा आळशी असतात. दहा व्होल्टच्या आसपास पडून राहतात. ऊन आलं की टुणकन उठतात.

झुंबरबाई आता दिव्याच्या बाजूची झाली आहे. पोट भरल्यावर अजून खाल्लं तर त्याला अजीर्ण होईल म्हणून पिवळा दिवा लागला की ती पाट्यांवर आपलं जुनं लुगडं टाकते. मी हसले, पण राहू दिलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, पेटी राखण करते. ही दुसरी राखणदार.

मैनाची चाचणी झाली. गणितात पहिली आहे.

सुवर्णा


नाशिकरोड
२४ डिसेंबर २००३

सुवर्णा,

पत्र वाचल्याबरोबर लिहिते आहे. नीट वाच.

एक: ते लुगडं आजच्या आज काढ.

दोन: तुमची बॅटरी भरत नाही, मरते आहे. दोन घासांत पोट भरलं म्हणणारं माणूस धडधाकट असतं का? आजारी असतं. बॅटरीचंही तसंच आहे. आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला की साठवायला जागाच उरत नाही. थोडी वीज गेली की व्होल्ट उडी मारतात, पेटीला वाटतं भरली, ती पिवळा दिवा लावते. दिवा खोटं बोलत नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो. संध्याकाळी नळी लावली की तो फुगवटा उतरतो.

तीन: सकाळी काटा दहावर आहे असं तू लिहितेस. नळी तुटत नाही असंही लिहितेस. पेटी धड असेल तर या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत. काटा अकरावर येण्याआधीच तिने लाल लावून नळी तोडली असती. म्हणजे नळी पेटीतून जातच नाही. कोणीतरी दिव्याची तार काढून थेट बॅटरीला जोडली आहे. पेटीला विचारल्याशिवाय बॅटरी रोज रात्री तळापर्यंत उपसली जाते आहे.

तार कोणी जोडली?

तुझा ताप कसा आहे तेही लिही. तापच असेल तर.

साधना


करंजपाडा
३० डिसेंबर २००३

ती. आत्यास,
जयभीम.

ताप नव्हता. तार मीच जोडली.

आभाळाच्या दिवसांत झिपरू आला. दिवेलागणीला नळी लावली, जेवणं व्हायच्या आत लाल लागला आणि खोली अंधारी झाली. मी कंदील पेटवला. बाकं जोडून ठेवली होती, तीही दाखवली. आभाळाचं सांगितलं. तुम्ही लिहिलंत ते सगळं केलं, आत्या, तुमचं पत्र यायच्या आधी केलं. त्याने मैनाची कपड्यांची पेटी उचलून दाराशी ठेवली. मैना पेटीवर बसून राहिली.

मी म्हटलं, "झिपरूदादा, एक रात्र थांबा. उद्या दुरुस्त होतो."

"कोन करनार? त्ये लोक तर पळाले."

"मी करते. माझी आत्या यातलीच आहे."

दुसऱ्या दिवशी पेटीखालच्या तीन जोड्या बघितल्या. कुठली कशाची हे तुम्हीच लिहून दिलं होतं. चित्रंही होती. रात्री नळी लावली, ती उजाडेपर्यंत जळली. तो म्हणाला, "शिकल्याली हायेस." आणि पोरीला ठेवून गेला.

आभाळ गेल्यावर तार परत जागेवर लावणार होते. पण लावली की लाल लागायचा. तुमच्या कार्डावर लाल लिहायची माझी हिंमत नव्हती, आणि त्याच्यासमोर अंधार व्हायला नको होता. रोज म्हणत होते, उद्या.

लुगडं काढलं. तुमचं ते दोन घासांत पोट भरल्याचं मुलींना सांगितलं. दहाला पिवळा लागला की आता कोणी ओरडत नाही. मैना पेटीपुढे उभी राहते आणि म्हणते, "आजारी हाय अजून."

तार अजून थेटच आहे, तरी नळी आता भात शिजेपर्यंतच जळते. पुढे कंदील. गावातल्या म्हाताऱ्यांना हे कळलं आहे, मळ्यावर अजून कळलेलं नाही. बाजाराचा दिवस यायच्या आत नवी बॅटरी मिळाली तर कळायचंही नाही. तुम्ही सरळ सांग म्हणाल. एकदा सांगितलं होतं. मैनाची पेटी दाराशी गेली होती.

सुवर्णा


नाशिकरोड
५ जानेवारी २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

तुझ्यावर रागवायला वेळ नाही.

संस्थेच्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. सरकारी कचेरीत साहेब म्हणाले, योजना बंद झाली, अर्ज ठेवून जा. ठेवून आले. त्याचा उपयोग नाही.

माझ्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढली आहे. गेल्याच वर्षी घेतलेली, तुमच्या जुन्यापेक्षा दुप्पट. भारनियमनात मला अंधारात बसायला काही होत नाही, या वयात वाचून वाचून काय वाचायचं.

एस.टी.च्या कंडक्टरने आम्ल आहे म्हणून घेतली नाही. ते त्याचं बरोबर होतं. वणीपर्यंत एक जीपवाला नेईल, तिथून सुरगाण्याची दुसरी. पहिला म्हणतो, सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. ती उद्या भरेल की परवा ते तो सांगत नाही. झाकणांना मेण लावलं आहे. आडवी करू देऊ नकोस.

आली की आधी बॅटरीची तार, मग पाटीची, सगळ्यांत शेवटी दिव्याची. दिव्याची तार दिव्याच्याच जागी. लाल लागला तर लागू दे. आणि मला लाल असंच लिहायचं. मागे त्याबद्दल जे लिहिलं होतं ते धरू नकोस.

साधना


करंजपाडा
१४ जानेवारी २००४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

बॅटरी परवा पोचली. उभी आली, थेंब सांडला नाही. झिपरू त्याच्या आदल्या दिवशी येऊन गेला.

या वेळी तो एकटा नव्हता, मळ्यावरचे सगळेच बाप जीप करून आले होते. कोणीतरी कळवलं असणार. संध्याकाळ झाली, नळी लावली, आणि माणसं बसली बघत. नळी आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग टोकांना नुसती धग राहिली.  झुंबरबाई म्हणाली, "अरं, नवी येतीया बॅटरी, नाशिकहून निघालीया, बाईच्या आत्यानं दिलीया."

झिपरू म्हणाला, "कुठवर आली?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "वणीपर्यंत."

"वणीत उजेड पडला आसंल मंग," कोणीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले. झिपरू हसला नाही. मला म्हणाला, "बाई, तू वाईट न्हाईस. पन तू म्हनली, दुरुस्त झाला."

मी उठून कंदील पेटवला.

अकराही मुली गेल्या. उजाडायची वाटसुद्धा बघितली नाही. मैना कपड्यांची पेटी घेऊन जीपमध्ये चढताना म्हणाली, "बाई, आता ह्याला कोन जेवू घालंल?" मी म्हटलं, मी घालीन. तिने सातवीची पुस्तकं बरोबर नेली आहेत. गणिताचं विसरली, ते इथेच आहे.

बॅटरी तुम्ही सांगितलेल्या क्रमाने जोडली. पहिली तार, दुसरी, तिसरी. रात्रभर एक नळी जळते. झुंबरबाई आणि मी तिच्याखाली झोपतो, उगाच. बाकं जोडलेलीच आहेत.

काल सकाळी काटा साडेबारावर होता. पिवळा दिवा दहाला लागला. मी घाबरले. मग लक्षात आलं, ही आजारी नाही. ही जुनीपेक्षा दुप्पट आहे, एका नळीने तिचं काही सरतच नाही. तिचं पोट खरंच भरलेलं आहे.

पुढची कार्डं पाठवू का नको ते कळवा.

सुवर्णा


नाशिकरोड
५ फेब्रुवारी २००४

चि. सुवर्णा,
जयभीम.

उशीर झाला. दिंडोरीकडे जाऊन आले, म्हणून. तुला न विचारता गेले.

झिपरूचा मुक्काम शोधायला दोन खेपा झाल्या. मळ्याच्या कडेला द्राक्षं भरायची मोठी शेड आहे, तिच्याशेजारी यांची पालं. मी माझं नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि बसायला उलटी टोपली दिली. मी म्हटलं, बॅटरी पोचली, दिवा आता नीट आहे, रात्रभर राहील याची हमी मी देते, मुलींना परत पाठव. शाळा बुडते आहे.

त्याने ऐकून घेतलं. मग हात वर करून दाखवला. शेडला जनरेटर आहे. हंगामात काम रात्रंदिवस चालतं, तेव्हा वर चार मोठे दिवे सतत पेटलेले असतात आणि त्यांचा उजेड पालांवर येतो. सुई पडली तर दिसेल असा.

"हितं उजेड हाय बाई," तो म्हणाला. "शाळा न्हाई, पन उजेड हाय. कोंबडा आरडंपर्यंत."

  त्याने पहिल्या दिवसापासून उजेडच मागितला होता. शाळा आपण त्यात घातली.

मैना शेडमध्ये होती. द्राक्षाच्या घडातून खराब मणी कात्रीने काढायचं काम तिच्याकडे आहे. बोटं बारीक आहेत म्हणून मुकादम खूश आहे. तिचं गणिताचं पुस्तक तुझ्याकडे राहिलं, म्हणून नवं विकत घेऊन गेले होते, ते दिलं. तिने हात पुसून घेतलं, खोक्यांच्या मागे ठेवलं आणि पुन्हा कात्री उचलली. पुस्तक उघडलं नाही. मी निघताना तिने एकच विचारलं.

"दिवा जेवतो का?"

मी म्हटलं, जेवतो.

"पोट कवा भरतं?"

मी म्हटलं, दहाला.

तिने कात्री थांबवली. "दहालाच? म्हंजी आजारीच हाय अजून," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "मंग मी येऊन तरी काय करू."

चूक दुरुस्त केल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही, हे तुला माहीत आहे. तिला मी दुरुस्त केलं नाही. बस चुकेल म्हणून निघाले.

कार्डं पाठवायची गरज नाही. नळी मात्र रोज लाव. नुसती भरून ठेवलेली बॅटरीही खराब होते.

साधना